आधी वजनकाटा, मग गॅरेज

पिकअप घेणारा माणूस पहिल्या महिन्यातच गॅरेजची वाट धरतो. पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच, टपावर कॅरिअर आणि तंबू, मागे कॅनॉपी, पोटाखाली जाड पत्र्याची प्लेट, मोठे टायर, दोन इंची लिफ्ट. यातली एकेक वस्तू सुटी घेऊन पाहिली तर तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ असते. घोटाळा होतो तो बेरजेत. प्रत्येक वस्तू वेगळ्या दुकानातून, वेगळ्या महिन्यात आणि वेगळ्या हौसेपोटी येते, त्यामुळे सगळ्यांचे मिळून वजन किती झाले हे कोणीच विचारत नाही. हे पुस्तक त्या बेरजेबद्दल आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ऑफ-रोड गाडीची ताकद इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर मोजू नये. चढावर, वाळूत किंवा ओढ्यात गाडी अडायला येते त्या क्षणी तिच्याकडे किती शिल्लक उरली आहे, यावर ती मोजावी. स्प्रिंगला दबायला अजून किती जागा आहे, ब्रेकमध्ये किती दम आहे, टायर आणखी किती सोसेल, इंजिन आणखी किती ओढेल, हे त्या शिल्लकीचे हिशेब. चांगले मॉडिफिकेशन यातल्या एखाद्या खात्यात भर घालते. वजन मात्र सगळ्या खात्यांतून एकाच वेळी खर्ची पडते. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: तू देतेस किती आणि खातेस किती?

पिकअप ही जात मुळातच तडजोडीतून जन्मलेली आहे. ऑस्ट्रेलियात गीलाँग इथल्या फोर्ड कारखान्यात ल्यू बँड्ट या तरुण अभियंत्याने १९३४ साली जी गाडी रस्त्यावर आणली, ती एका शेतकरी बाईच्या पत्रावरून सुचलेली होती असे सांगतात. रविवारी चर्चला जायला आणि सोमवारी डुकरे बाजारात न्यायला एकच गाडी हवी, अशी तिची मागणी होती. पुढे कार, मागे हौदा, अशी ती ‘यूट’ तयार झाली. १९६८ साली टोयोटाने हायलक्स आणली आणि पुढच्या दशकांत तिने जगभरच्या शेतांवर, खाणींवर आणि वाळवंटांत आपली जागा केली. माणसे आणि माल ही दोन्ही एकाच चासीवर बसवायचे म्हटले की एकाला दिलेले दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागते. आज पिकअपमध्ये चार दारे, पाच सीट, एअरबॅग आणि कातडी गाद्या आल्या आहेत. तरीही हा मूळ ताण सुटलेला नाही.

हा विषय सर्वांत गांभीर्याने हाताळला गेला तो ऑस्ट्रेलियातच, आणि त्याला कारण तिथला भूगोल आहे. सिम्पसन वाळवंटात अकराशेहून अधिक समांतर टेकाडे एकामागून एक ओलांडावी लागतात. पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्‌सव्हिलपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर डिझेलचा पंप नाही. पक्क्या रस्त्यावर लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी मऊ वाळूत पाच-सहावर येते. ८० लिटरची टाकी तिथे पुरत नाही, म्हणून जादा इंधन घ्यावे लागते. पाणी घ्यावे लागते, दुसरी स्टेपनी घ्यावी लागते, अडकलेली गाडी काढायची सामग्री घ्यावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट तर सुमारे १८५० किलोमीटरचा आहे. अशा वाटांसाठी टिकाऊ सामान हवे म्हणून १९७५ साली मेलबर्नमध्ये एआरबीसारखी कंपनी उभी राहिली. तिचे बंपर, कॅनॉपी आणि सस्पेन्शनचे संच आज भारतातल्या पिकअपधारकांच्या स्वप्नातही येतात.

पण त्याच देशाने बेरीज करायलाही शिकवले. गाडी, माणसे, इंधन, सामान आणि बसवलेल्या सगळ्या वस्तू धरून गाडीचे जास्तीत जास्त किती वजन चालेल, याचा आकडा कंपनी ठरवते. ऑस्ट्रेलियात त्याला जीव्हीएम म्हणतात. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरतो तो पेलोड. तिथल्या चार दारांच्या फोर-बाय-फोर हायलक्सचा पेलोड ढोबळ मानाने ९०० किलोंच्या आसपास येतो. आकडा ऐकायला दणदणीत वाटतो. आता सिम्पसनसाठी नेहमीची तयारी करू.

दोन माणसे १५० किलो. स्टीलचा पुढचा बंपर आणि विंच मिळून ९५. कॅनॉपी १३०, तिच्या आतली ड्रॉवरची चौकट ६०, भरलेला फ्रिज ४५. दुसरी बॅटरी २८. टपावरचे रॅक आणि तंबू ९५. जादा ६० लिटर डिझेल ५०. पाणी ६०. दुसरी स्टेपनी ३५. खालच्या संरक्षक प्लेट ४०. दोरखंड, शॅकल, जॅक आणि हत्यारे ४५. स्वयंपाकाचे सामान, शिधा, कपडे, अंथरूण ८०. बेरीज ९१३ किलो. यादीत चैनीची म्हणावी अशी वस्तू फारशी नाही, माणसेही दोनच आहेत, आणि मर्यादा ओलांडून झाली आहे. मागच्या सीटवर आणखी दोघे बसले की गाडी दीडशे किलोंहून अधिक ओव्हरलोड. मागे कॅराव्हॅन जोडली तर तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर टेकतो, तोही याच खात्यात पडतो. अडीच टनांच्या कॅराव्हॅनचे ते २५० किलो होतात.

एकूण वजनाइकतीच महत्त्वाची आहे त्याची जागा, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. हायलक्सच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर ३०८५ मिलिमीटर आहे. मागे लोखंडी बंपर लावून त्यावर दोन चाके आणि जेरिकॅन टांगले, असे समजा. एकूण १२० किलो, मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे. तरफेचा साधा नियम लावला तर मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार १२० ऐवजी जवळजवळ १६७ किलोंनी वाढतो आणि पुढचा ४७ किलोंनी कमी होतो. म्हणजे मागची चाके जादा दबली आणि ज्या चाकांनी वळायचे, ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा हिस्सा यायचा, ती पुढची चाके हलकी झाली. पुढेही हाच नियम चालतो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या ९० सेंटिमीटर पुढे १०० किलोंचा बंपर आणि विंच बसवले की पुढच्या अ‍ॅक्सलला १२९ किलो सोसावे लागतात. म्हणून विंचची पोलादी तार काढून सिंथेटिक दोर घातला आणि दहाएक किलो वाचले, तर ते दहा किलो गाडीच्या नाकावरचे असतात. तिथे वाचलेल्या प्रत्येक किलोचे मोल जास्त.

म्हणून हौद्यातले जड सामान नेहमी खाली, आणि केबिनला जितके चिकटून ठेवता येईल तितके. पाण्याची टाकी मागच्या सीटच्या पायांशी किंवा हौद्याच्या पुढच्या भिंतीला लागून. हलके आणि फुगीर सामान मागे. टपावर शक्य तितके कमी. टपाच्या रॅकवर जो भार लिहिलेला असतो तो सहसा डांबरी रस्त्यासाठी असतो. कच्च्या वाटेवरचे हादरे धरले की निर्माते तोच आकडा बराच खाली आणतात.

हा नियम मोडल्याचा परिणाम ऑस्ट्रेलियातल्या गॅरेजांत वारंवार पाहायला मिळतो: केबिन आणि हौदा यांच्या मधोमध वाकलेली चासी. चार दारांच्या पिकअपमध्ये हौद्याचा मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे येतो. तिथे ओझे लादले की गाडी मागून बसते. बसलेली गाडी उचलायची म्हणून पाट्यांच्या जोडीला स्प्रिंगसारख्या काम करणाऱ्या हवेच्या एअरबॅग घातल्या जातात. गाडी सरळ उभी राहते, दिवे खाली झुकतात, मालकाचे समाधान होते. प्रत्यक्षात पाटे आपला भार चासीवर दोन टोकांना, एकमेकांपासून लांब अंतरावर वाटून देतात. एअरबॅग मात्र अ‍ॅक्सलच्या वर एकाच ठिकाणी रेटा देते. मागे लोंबते ओझे, मध्ये वर ढकलणारा रेटा, आणि वाटेत एक खोल खड्डा. पोलाद तिथे हार मानते. गाडी बसली होती ती काहीतरी सांगत होती. आपण तिचे तोंड बंद केले.

आपल्याकडे बसलेली गाडी उचलायला पाटा वाढवतात आणि कुठल्याही हमरस्त्यावरचा मिस्त्री ते अर्ध्या दिवसात करून देतो. पाटे वाढवले की स्प्रिंग ताठ होते. भरलेली गाडी बरी चालते, पण रिकामी गाडी दगडांवर उड्या मारायला लागते. उडालेल्या चाकाला पकड नसते. शिवाय अ‍ॅक्सलचे घर, बेअरिंग, ब्रेक आणि चासी होती तीच राहते. मूळ मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. ऑस्ट्रेलियात जीव्हीएम वाढवून घेण्याची रीतसर सोय आहे. तपासून मंजूर झालेला स्प्रिंग आणि शॉकअपचा संच बसवायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि गाडीवर नवी पट्टी लावायची. हायलक्ससाठी असे काही संच साडेतीन टनांच्या घरात नेतात. पण गाडी आणि कॅराव्हॅन यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा बहुधा जुनीच राहते. गाडीत जितके जास्त भरू, तितके मागे कमी ओढता येते.

स्प्रिंग निवडताना दुकानदार विचारतो, कायमचे वजन किती? या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. रोज रिकामी फिरणारी आणि वर्षातून एकदा लडाखला जाणारी गाडी त्या एका प्रवासाच्या मापाने ताठ करून घेतली, तर उरलेले वर्ष ती वाईट चालते. शॉकअपचे कामही समजून घ्यावे. ओझे स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो आणि त्या बदल्यात तापतो. जादा वजनाची गाडी कच्च्या रस्त्यावरच्या खडखडाटावरून तासन्‌तास गेली की आतले तेल फेसाळते आणि शॉकअप हात टेकतो.

टायरच्या बाबतीत मी सविस्तर लिहिले आहे, कारण पैसा आणि वजन दोन्हींचा सर्वांत चांगला मोबदला इथेच मिळतो. पिकअपवर सर्रास येणाऱ्या २६५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. त्या जागी २८५/७० आर १७ घातला की तो ८३१ होतो. डिफरन्शियलखालची जागा २७ मिलिमीटर वाढते, आणि ती दुसऱ्या कुठल्याही लिफ्टने मिळत नाही, कारण लिफ्टने चासी उचलली जाते, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो. पण याच बदलाने सगळे गिअर सात टक्क्यांनी लांब होतात. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने जात असते. चढावर पूर्वी जो गिअर पुरायचा तो आता कमी पडतो. चाकाचे वजनही वाढते, आणि फिरणारे वजन ब्रेकला आणि इंजिनाला हौद्यातल्या वजनापेक्षा जास्त जाचते.

याउलट एक बदल असा आहे की ज्याला वजन जवळपास नाहीच. एका चाकावर ७०० किलो भार असलेल्या टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असेल, तर टायरच्या भिंतीचा ताठपणा सोडून दिल्यास त्याचा जमिनीला टेकणारा भाग साधारण २८५ चौरस सेंटिमीटर असतो. हवा १८ वर आणली की तो जवळपास ५५० होतो. वाळूत गाडी रुतेल की तरंगेल हे बहुतेक वेळा याच फरकावर ठरते. त्यासाठी लागतो प्रेशर गेज आणि परत हवा भरायला चार-पाच किलोंचा कॉम्प्रेसर. आइसलंडच्या लोकांनी ही कला टोकाला नेली. हिमनद्यांवरच्या भुसभुशीत बर्फात ते ३८ इंची आणि त्याहून मोठ्या टायरमधली हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने तयार केलेल्या हायलक्स गाड्या २००७ साली ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमासाठी चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मध्ये निश्चित केलेल्या जागेपर्यंत गेल्या. इतके मोठे टायर बसवायचे म्हणून चाकांच्या कमानी कापाव्या लागतात आणि गिअरचे गुणोत्तर बदलावे लागते. एक बदल केला की त्याच्यामागे कोणकोणते बदल ओढले जातात, हे त्या गाड्या पाहिल्या की नीट कळते.

इंजिनाचे प्रकरण मी मुद्दाम उशिरा ठेवले आहे. २.८ लिटर डिझेलची हायलक्स २०४ पीएस देते. गाडी २.१ टनांची असेल तर टनामागे ९७ पीएस, तीन टनांची झाली की ६८. ही घट भरून काढायला लोक ट्यूनिंगची चिप लावतात. चिप टॉर्क वाढवते, त्याचबरोबर उष्णताही वाढवते. ती उष्णता रेडिएटर, टर्बो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल यांनी बाहेर टाकायची असते, आणि हळू वेगात, लो रेंजमध्ये, पाठीमागून वारा असताना त्यांना हवा कमी मिळते. खार्दुंग-ला ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो बरीचशी कसर भरून काढतो, पण टर्बो फिरायला लागण्याआधीचा, खालच्या आरपीएमचा जोर तिथे नक्की कमी होतो. नेमक्या त्याच जोरावर हेअरपिन वळणातून जड गाडी बाहेर काढायची असते.

चढताना जड गाडी फार तर हळू चालते. उतरताना ती जिवावर बेतू शकते. तीन टनांची गाडी एक हजार मीटर खाली उतरली की सुमारे २.९ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. खालचा गिअर धरला तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेते. उरलेले सगळे ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. वजन वाढवून ब्रेकचे पॅड, होज आणि तेल जुनेच ठेवणाऱ्या माणसाने आधी ब्रेकचे प्रकरण वाचावे, मग बाकीचे पुस्तक.

आता आपल्याबद्दल. भारतात इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ साली आली आणि हायलक्स २०२२ साली. पिकअप म्हणजे भाजीची किंवा सिमेंटची गाडी, हा समज या दोन गाड्यांनी बदलला. पुणे, नाशिक, कोल्हापूरचे लोक त्या घेऊन स्पीती-लडाखला जातात, पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलात उतरवतात. हौस खरी आहे आणि मला तिचे कौतुक आहे. पण सामानाची यादी मात्र सिम्पसनची उचललेली असते. लेहच्या वाटेवर टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. ८० लिटरची टाकी भरलेली पिकअप घाटरस्ता धरूनही तेवढे अंतर आरामात कापते. तिला दुसऱ्या टाकीची गरज नाही. ताम्हिणीच्या आसपासच्या चिखलवाटांना टपावरच्या तंबूपेक्षा चांगले मड-टेरेन टायर आणि पाच माणसांतला एक जाणकार जास्त उपयोगी पडतो. त्यातून आपल्या आरसी बुकवरचा वजनाचा आकडा ऑस्ट्रेलियातल्या त्याच नावाच्या गाडीसारखा असेलच असे नाही. हिशेब आपल्याच आकड्याने करायचा.

कायद्याकडेही डोळेझाक चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. पुढच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. त्याचे कारण पटण्यासारखे आहे: असा बार धडकेतला आघात पादचाऱ्यावर आणि चासीवर थेट पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतो. ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपयांपासून सुरू होतो. म्हणून या पुस्तकात परदेशातले जे बदल दाखवले आहेत, त्यांतले कोणते इथे करता येतात आणि कोणते नाहीत हे जागच्या जागी लिहिले आहे.

पुस्तकाचा क्रम हाच कामाचा क्रम समजावा. आधी कुठे जायचे ते ठरवा. मग वजन करा. मग टायर आणि हवा, मग ब्रेक, मग खऱ्या वजनाला साजेशी स्प्रिंग, मग पोटाखालचे संरक्षण, आणि सगळ्यात शेवटी विंच, इंजिन आणि टप. जी वस्तू काढता येते ती काढून ठेवा. मागच्या वेळी न वापरलेली हत्यारे, दुसरा गॅस सिलिंडर, जास्तीचे कॅन घरी राहू द्या. कमी केलेले पन्नास किलो चढावर, उतारावर, वाळूत आणि डिझेलच्या बिलात, चारही ठिकाणी परत मिळतात. विकत घेतलेली वस्तू बहुतेक वेळा एकाच ठिकाणी देते.

वजन करणे अवघड नाही. मार्केट यार्डात, साखर कारखान्यावर, खडी क्रशरजवळ वजनकाटा असतोच. टाकी भरा, पाणी भरा, प्रवासाला जाणारी सगळी माणसे गाडीत बसवा. पहिल्यांदा पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग पुढे सरकून फक्त मागची चाके काट्यावर ठेवा, त्यानंतर मागे येऊन फक्त पुढची. काटेवाल्याला तीन पावत्या मागा. मोठ्या काट्याचा आकडा ५, १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने येतो, त्यामुळे दोन अ‍ॅक्सलची बेरीज एकूण वजनाशी तंतोतंत जुळणार नाही. आपल्या कामाला एवढे पुरे. दाराच्या खांबावरची पट्टी आणि आरसी बुक यांच्याशी ते आकडे ताडून पाहा.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे: परवानगी, प्रत्यक्ष, शिल्लक, पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, एकूण. पुढच्या प्रत्येक प्रकरणात सुचवलेल्या वस्तूचे वजन आणि तिची जागा दिली आहे, ती याच तक्त्यात मांडण्यासाठी. तुमच्या गाडीचे आकडे त्या नऊ चौकटींत लिहिल्याशिवाय दुसरे प्रकरण उघडू नका. माझे सल्ले सगळ्या गाड्यांना सारखे लागू पडणार नाहीत. तुमचा तक्ता मात्र फक्त तुमच्याच गाडीचा असेल, आणि जिथे माझा सल्ला आणि तो तक्ता यांचे जमणार नाही, तिथे तक्त्याचे ऐका.